सोबतीविना, मद्याविना: चेन्नईची संध्याकाळ

चेन्नईत नुसत्या रेस्टॉरंटला किंवा कॅफेला दारू विकण्याचा परवाना मिळत नाही. बाटली घ्यायची तर ‘टॅस्मॅक’ या सरकारी महामंडळाच्या दुकानातून, आणि बसून प्यायची तर त्या दुकानाला जोडलेल्या बारमध्ये, क्लबात किंवा मुक्कामाच्या मोठ्या हॉटेलात. किरकोळ विक्रीची मक्तेदारी २००३ सालापासून सरकारकडेच आहे. दुकान दुपारी बाराला उघडते, रात्री दहाला मिटते. जाळीआडून पैसे आत जातात, बाटली बाहेर येते. समोरच्या घोळक्यात बाई सहसा दिसत नाही.

या नियमाचा एक परिणाम झाला. दारू एका बाजूला गेली आणि खाणेपिणे दुसऱ्या बाजूला राहिले. मुंबई-पुण्यात ‘झीरो’ बिअर आणि दारूविना कॉकटेल आज नवे म्हणून मेनूकार्डावर येतात; चेन्नईच्या हॉटेलांना दारूवाचून गिऱ्हाईक बसवायची सवय फार जुनी आहे.

दारूविरहित बिअर म्हणजे काय, हे आधी पाहू. बडवायझर, हायनेकन यांच्या ‘०.०’ बाटल्या आता आपल्या सुपरमार्केटांत दिसतात. मुंबईत २०१६ साली सुरू झालेला ‘कूलबर्ग’ हा ब्रँड पुढे जयसिंगपूरच्या घोडावत समूहाने घेतला. अशी बिअर बनवण्याच्या एका पद्धतीत ती आधी नेहमीसारखी आंबवतात आणि मग तिच्यातला अल्कोहोल काढून घेतात. निर्वात भांड्यात तो कमी तापमानालाच उडतो, त्यामुळे चव फारशी करपत नाही. किंवा बारीक पडद्यातून गाळून तो वेगळा करतात. दुसरी पद्धत सोपी: मुळात आंबवायचेच नाही, माल्टचे पाणी, साखर, स्वाद आणि गॅस एकत्र करायचे. आपल्याकडचे बरेच ‘माल्ट ड्रिंक’ या दुसऱ्या जातीचे, म्हणजे तोंडवळा बिअरचा आणि पोटात गोड सोडा. २०१९ पासून लागू झालेल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असेल तरच पेय मद्य ठरते. म्हणून ज्यांना थेंबही नको, त्यांनी बाटली फिरवून मागची बारीक अक्षरे वाचावीत, आणि साखरेचा आकडाही तेव्हाच पाहावा.

युरोपात या बाटल्यांमागे दारू सोडू पाहणारा माणूस आहे. ब्रिटनमध्ये २०१३ पासून जानेवारीभर दारू बंद ठेवण्याची मोहीम चालते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले की दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. आपले गणित निराळे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षे व त्यावरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांपैकी १.३ टक्के दारू घेतात असे आढळले. म्हणजे न पिणारे बहुसंख्य आहेत, आणि पूर्वीही होते. फक्त त्यांना कोणी गिऱ्हाईक मानत नव्हते. पार्टीत मोठ्यांना पेले भरले जायचे आणि न पिणाऱ्या काकूंच्या हातात मुलांबरोबर कोल्ड्रिंकची बाटली यायची. ‘तुम्ही काय घेणार?’ हा प्रश्न त्यांना कधी नीट विचारलाच गेला नाही. तो आता विचारला जातोय, हाच आपल्याकडचा खरा बदल.

चेन्नईत या प्रश्नाला रस्त्यावरच उत्तरे मिळतात. मैलापूरला कपालीश्वराच्या देवळाजवळ ‘काळत्ती’ हे वर्तमानपत्रांचे छोटेसे दुकान आहे. १९२७ पासूनच्या या दुकानातले गुलाबी, गारेगार रोझ मिल्क प्यायला लोक फुटपाथवर उभे असतात. नन्नारी सरबत म्हणजे आपली उपळसरी, अनंतमूळ. त्या मुळांचा काळपट पाक, वर लिंबू, हवा तर सोडा. पन्नीर सोड्याला गुलाबपाण्याचा वास. आणि गोटी सोडा! इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी १८७०च्या दशकात पेटंट घेतलेली ही बाटली. तिच्या गळ्यात काचेची गोटी असते, आतला गॅसच तिला रबरी कड्यावर दाबून धरतो, वेगळे बूच लागत नाही. विक्रेता लाकडी खुंटीवर तळहात ठेवून एकच दाब देतो, फट्‌ आवाज होतो, गोटी खालच्या खोबणीत पडते. पिताना बाटली अशी कलती धरायची की गोटी खोबणीतच अडकून राहील. पहिल्यांदा पिणाऱ्याला दुकानदार ते हाताने दाखवतो. विरुदुनगरच्या पळनियप्प नाडार यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या ‘काळीमार्क’चे बोवंटो हे द्राक्षाच्या चवीचे पेयही इथले लाडके. जल्लिकट्टू या बैलांच्या खेळासाठी झालेल्या आंदोलनानंतर, १ मार्च २०१७ पासून, तमिळनाडूच्या व्यापारी संघटनांनी कोक-पेप्सीवर बहिष्कार पुकारला, तेव्हा बोवंटोची मागणी एकदम वाढली.

मद्याविनाची बाजू झाली; आता सोबतीविना, म्हणजे एकटीच्या प्रवासाकडे वळू. एकट्या पुरुषाची सोय या शहराने केव्हाच केली होती. ट्रिप्लिकेनच्या गल्ल्यांतल्या ‘मॅन्शन’ या लॉजवजा इमारतींत सडे नोकरदार खाट भाड्याने घेऊन वर्षानुवर्षे राहिले. एकट्या बाईला मात्र आसरा शोधावा लागला. मरीना किनाऱ्यावरचा आइस हाउस पाहा. १८४०च्या दशकात फ्रेडरिक ट्यूडर यांच्या कंपनीने बोस्टनहून जहाजाने आणलेला बर्फ इथे साठवायला ही इमारत बांधली. तो साहेबांच्या पेल्यात जायचा. बर्फ इथेच तयार होऊ लागल्यावर धंदा बुडाला. फेब्रुवारी १८९७ मध्ये पश्चिमेहून परतलेले विवेकानंद इथे राहिले, आणि पुढे समाजसुधारक सिस्टर सुब्बलक्ष्मींनी बालविधवा मुलींना याच वास्तूत ठेवून शिकवले. एकट्या बाईला सुरक्षित छप्पर मिळाले की ती पुढचा रस्ता स्वतः काढते, याचा एवढा ठोस पुरावा मला दुसरीकडे सापडत नाही.

आज सोयी बऱ्याच आहेत, त्या माहीत असाव्यात. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेसमध्ये स्लीपर वर्गात सहा बर्थ स्त्रियांसाठी राखीव असतात. एकटीने जाणाऱ्या बाईची सुरुवातीच्या स्थानकापासून शेवटपर्यंत विचारपूस करणारी ‘मेरी सहेली’ योजना रेल्वे सुरक्षा दलाने २०२० मध्ये सुरू केली. मदतीचा क्रमांक १३९. चेन्नईत मे २०२१ पासून साध्या बसमध्ये स्त्रियांना तिकीट नाही. नोकरदार स्त्रियांसाठी तमिळनाडू सरकारने ‘तोळी’ वसतिगृहे बांधली आहेत आणि त्यांत थोड्या दिवसांचा मुक्कामही करता येतो.

तरीही संध्याकाळी सातनंतर प्रश्न उरतो: बसायचे कुठे? सरबताची गाडी स्वस्त आणि चांगली, पण तिथे उभ्यानेच प्यायचे आणि निघायचे. कॅफेत बसता येते, पण खिसा हलका होतो.  शिवाय तिथवर पोचायचे तर वाटेत दारूचे दुकान असते. एकट्या बाईचा दारूशी संबंध बहुतेक वेळा तिच्या पेल्यातून येतच नाही, दुसऱ्याच्या पेल्यातून येतो. दारूच्या दुकानावरून जाणारा रस्ता ती टाळते, लांबचा वळसा घेते. महामार्गालगतची दारूदुकाने हटवण्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१७ मध्ये टॅस्मॅकची दुकाने वस्त्यांत सरकू लागली, तेव्हा तमिळ बायका ठिकठिकाणी रस्त्यावर उतरल्या. गावात ‘आडवी बाटली’साठी मतदान करून दुकान बंद पाडणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळे सांगायला नको. तमिळनाडूत २०१६, २०१७ आणि २०२३ मध्ये प्रत्येक वेळी ५०० दुकाने बंद झाली, पण २०२३-२४ चा दारूचा महसूल ४५ हजार कोटी रुपयांच्या वर गेलाच. एका हाताने बसचे तिकीट माफ करायचे आणि दुसऱ्या हाताने रस्त्यावरची भीती वाढवायची, हे धोरण मला पटत नाही.

आपल्याकडच्या हॉटेलमालकांना एक विनंती आहे. कोकम, सोलकढी, पन्हे, उपळसरी हे सारे आपल्याजवळ आहे. त्यांना मेनूकार्डाच्या शेवटच्या कोपऱ्यातून पहिल्या पानावर आणा. दोन माणसांचे एखादे टेबल खिडकीपाशी एकट्या माणसासाठी ठेवा. आणि एकटी बाई आत आली की ‘अजून कोणी यायचंय का?’ असे विचारू नका. पाणी आणून ठेवा आणि ‘काय घेणार?’ एवढेच विचारा.