भूक आषाढातली, कारण मुंबईतलं

जामसंडे म्हटलं की देवगडचा हापूस आठवतो. पण आंबा विकून दोन पैसे मिळतात, पोट भरतं ते भातानं, आणि कातळसड्यावर भाताची जमीन थोडी. पाऊस धो-धो पडूनही घरचं धान्य वर्षभर पुरेल अशी घरं इथं मोजकीच असायची. तूट भरून काढायची ती मुंबईतल्या चाकरमान्याची मनीऑर्डर आणि रंगूनचा तांदूळ.

मार्च १९४२मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि तो तांदूळ तुटला. सगळ्यात जीवघेणे आषाढ-श्रावण. आगबोटी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, भात शेतात अजून हिरवंच. बेगमी संपली की नाचणीची पेज, टाकळ्याची भाजी आणि माती लावून जपून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. आठळ्या उकडायच्या, मीठ लावून खायच्या, वर पेजेचं पाणी प्यायचं. पोरांची भूक त्यावर दुपारपर्यंत कशीबशी दबायची. १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. महायुद्ध संपलं तरी ‘कंट्रोल’चं, म्हणजे रेशनचं, दुकान राहिलंच, पुढं अमेरिकेचा गहू आला, मिलो ज्वारी आली.

१९७२च्या दुष्काळानं मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र होरपळला. मे १९७३मध्ये सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, मुलांना सुकडी वाटली जात होती. त्यातूनच १९७७चा रोजगार हमी कायदा झाला. फार मोलाचा कायदा. पण तो घडला पाऊस रुसणाऱ्या मुलखाच्या अनुभवातून. कोकणात चूल थंडावते ती मुंबईचा पगार थांबला की. जानेवारी १९८२मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपात तेच झालं. मनीऑर्डरी आटल्या, आणि ज्यांच्या पैशावर घर चालायचं तेच कामगार गावी येऊन त्याच पेजेचे वाटेकरी झाले. याला दुष्काळ कोणी म्हटलं नाही.

२०२०च्या टाळेबंदीत पुन्हा चाकरमानी परतले. या वेळी मात्र रेशनवर दरमहा माणशी ५ किलो धान्य फुकट मिळालं, आणि त्यानं अनेक घरं तगली. हे मी आवर्जून लिहितो, कारण फुकटच्या धान्यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. २०२३पासून अन्नसुरक्षा कायद्याखालचं नेहमीचं धान्यच मोफत झालं, १ जानेवारी २०२४पासून आणखी पाच वर्षांसाठी. संकटापुरती म्हणून आलेली मदत महिन्याच्या हिशेबात बसली, कारण संकट पुरतं सरलंच नाही. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरी १० किलो येतं. डाळ, तेल, औषधं यांसाठी आजही मुंबईहून पैसे यावे लागतात. आता ते पोस्टमनऐवजी मोबाइलवर येतात, आणि मुलाची नोकरी गेली की येत नाहीत.