गुळगुळीतपणाची किंमत

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, नॉरफोक या गावी ऑर्व्हिल कार्लाइल यांचे पादत्राणांचे दुकान होते. त्यांचे बंधू रॉबर्ट यांना विमानांच्या प्रतिकृतींचा छंद. रॉकेटच्या उड्डाणाचे तत्त्व व्याख्यानात दाखवता यावे, म्हणून १९५४ मध्ये ऑर्व्हिल यांनी एक छोटे रॉकेट तयार केले. त्यातूनच प्रतिकृती-रॉकेटांचा छंद रुजला. आजही अशा अनेक रॉकेटांचे साहित्य साधेच असते : कागदी नळी आणि बाल्सा लाकडाचे पंख.

या दोन्ही वस्तूंत एकेक उणीव आहे. नळीवर कागदाच्या गुंडाळणीची नागमोडी खाच असते, तर बाल्साच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म छिद्रे. वरून कितीही रंग फासला, तरी ती झाकली जात नाहीत. उलट रंगाची चमक त्यांना अधिकच उठाव देते. शिवाय खडबडीत पृष्ठभागामुळे हवेचा अवरोध वाढतो व रॉकेट कमी उंची गाठते.

म्हणून प्रथम खाचेत पातळ केलेली लांबी भरावी. ती पूर्ण वाळल्यावर २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावे. जोर अधिक झाला, तर कागदाचे तंतू उसवतात. पंखांची पुढची कड गोलसर व मागची निमुळती करावी. मात्र जी कड नळीला चिकटवायची, ती सपाट आणि कोरी राखावी. रंगावर लावलेला डिंक लाकडात मुरत नाही व सांधा कच्चा राहतो.

यानंतर प्रायमरचे पातळ थर द्यावेत. नवख्या माणसाची फसगत होते ती येथेच. लावलेला प्रायमर जपायचा नसतो, त्यातला बराचसा घासून काढायचा असतो. तो केवळ खोलगट जागी उरावा, उंच जागी खालचा कागद दिसू लागावा, हीच योग्य खूण. मग पुन्हा एक थर आणि ४०० क्रमांकाचा पेपर. उघड्या कागदावर पाणी लागू देऊ नये, तो फुगतो. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा, अन्यथा वरचा रंग सुरकुततो. घासताना तोंडावर मास्क हवाच.

या चिकाटीमागे सौंदर्याहून मोठे कारण आहे. रॉकेटचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या केंद्रापुढे, निदान नळीच्या व्यासाइतका असावा लागतो. पंखांवर लांबी आणि रंगाचे जाड थर चढले, की शेपटीचे वजन वाढते व गुरुत्वमध्य मागे सरकतो. रॉकेट मग सरळ न जाता भरकटते, प्रसंगी पाहणाऱ्यांकडेही वळते. म्हणून रंगकाम संपल्यावर, इंजिन बसवून व पॅराशूट आत ठेवून, रॉकेट दोऱ्याला टांगून त्याचा तोल पुन्हा तपासावा.

गुळगुळीतपणा साधतो तो किती लावले यावर नव्हे, तर किती काढून टाकले यावर. उड्डाणाच्या दिवशी त्या हिशेबाची सत्यता काही क्षणांतच कळते.