काटा १२०च्या पुढे सरकला की...

समृद्धी महामार्गाचं सगळ्यात गाजलेलं वचन म्हणजे ‘नागपूर ते मुंबई आठ तासांत’. आता जरा भागाकार करून बघा. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत हा रस्ता ७०१ किलोमीटरचा. त्याला आठने भागलं की सरासरी येते ताशी ८८ किलोमीटरच्याही आत! ताशी १००ने निवांत चालवलीत तरी सात तास लागतात आणि उरलेला तास जेवायला, पाय मोकळे करायला शिल्लक राहतो. मोटारीला मुभा आहे १२०ची. म्हणजे आठ तासांचं वचन पाळायला मर्यादा गाठावीसुद्धा लागत नाही, मग मोडायची गरजच काय?

तरीही आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या सावंगी, माळीवाडा, हडस पिंपळगाव आणि जांबरगाव या इंटरचेंजवरून समृद्धीवर चढणाऱ्यांत १४०-१५०चा काटा दाखवणारे कमी नाहीत. रस्ता सरळ, मोकळा, गाडी नवी, गाणी चालू. वेग वाढल्याचं कळतच नाही. हा नुसता बहाणा नव्हे. नागपूरच्या व्हीएनआयटीच्या अभ्यासकांनी समृद्धीवरच्या अपघातांचा अभ्यास करताना ‘रोड हिप्नॉसिस’वर बोट ठेवलं होतं. मैलोन् मैल तोच देखावा दिसत राहिला की डोळे उघडे असतात आणि मेंदू सुस्तावतो.

मिनिटाला २८५ रुपये

शंभर किलोमीटरचं अंतर घ्या. १२०ने ५० मिनिटं, १४०ने जेमतेम ४३. वाचली किती, तर सात मिनिटं. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात दंडाचे नवे दर आले, त्यात मोटारीच्या अतिवेगाला २,००० रुपये. चलान आलं तर वाचवलेलं प्रत्येक मिनिट २८५ रुपयांना पडलं. केंद्रीय कायद्यात अवजड वाहनांसाठी ही रक्कम ४,००० रुपयांपर्यंत जाते. दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स जप्त होण्याची तरतूद आहे.

सेकंदाला दीड पिच

ताशी १२०ने जाणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर कापते. क्रिकेटचं पिच वीस मीटरचं. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांनी टिपून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात ५० मीटर गेले, आणि ब्रेक अजून लागायचाय! कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर गाडी पूर्ण थांबेपर्यंत एकूण १३० मीटरच्या आसपास लागतात. तोच हिशेब १४०ला केला की पावणेदोनशेच्या जवळ जातो. वेग वाढला फक्त २०ने, थांबायचं अंतर मात्र ३५-४० मीटरने. कारण गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट.

१५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री वैजापूरजवळ, जांबरगावच्या टोलनाक्यापाशी टेम्पो ट्रॅव्हलर थांबलेल्या ट्रकवर आदळली. बारा जण गेले. अंधारात थांबलेलं वाहन दिसणं आणि आपली गाडी थांबणं, या दोन गोष्टींमध्ये किती मीटर असतात, हे प्रत्येक चालकाला तोंडपाठ हवं.

देशाचा आकडाही ऐकून ठेवा. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर जमा आहेत.

मेसेज बापाला, गाडी पोराकडे

गाडीचा नंबर एमएच-२०, नाव वडिलांचं, चालवणारा मुलगा. चलानाचा मेसेज येतो वडिलांच्या मोबाइलवर, ऑफिसात, भर दुपारी. ते फोटो उघडतात. नंबरप्लेट स्पष्ट, तारीख-वेळ-ठिकाण लिहिलेलं, नोंदलेला वेग लिहिलेला आणि हँडलवर वाकलेला तो ओळखीचा चेक्सचा शर्ट. ‘मी तर कॉलेजात होतो’ या वाक्याला मग काही अर्थ उरत नाही. घरोघरी ही पेशी संध्याकाळी भरते, आणि माझ्या मते कोणत्याही कोर्टापेक्षा ती जास्त उपयोगाची.

यामागचा कायदा असा : गाडी कोण चालवत होतं, हे विचारल्यावर सांगणं मालकावर बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३३. आणि चालवणारा अठराच्या आतला निघाला तर प्रकरण चलानावर थांबत नाही. पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणखी एक गोष्ट सावधगिरीची. चलानाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली तर तिला हात लावू नका. ती उघडली की बँक खात्यावर डल्ला पडतो. खरं चलान सरकारी पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून तपासता येतं.

नुसत्या नजरेवर शिक्षा नाही

कलम १८३ मधली ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. ‘मला वाटतं ही गाडी जोरात होती’ एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर अतिवेगाची शिक्षा होऊ शकत नाही. ते मत यंत्राने मोजलेल्या वेगावर आधारलेलं पाहिजे. म्हणून तर पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीत लेझर गन असते. प्रकाशाचे एकापाठोपाठ सोडलेले झोत नंबरप्लेटवर पडून परत यायला लागणारा वेळ कसा बदलतो, यावरून ती वेग काढते. काही सेकंदही लागत नाहीत. पोलिसांची गाडी दिसल्यावर करकचून ब्रेक दाबणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं : तुम्हाला ते दिसतात तोवर तुमचा वेग नोंदवून झालेला असतो. समोरून येणाऱ्याने डिपर मारून केलेला इशाराही त्यामुळे बहुधा उशिराचाच.

यंत्रालाही नियम आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम घातला. कॅमेऱ्याच्या आधी सूचनाफलक हवा, यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारं मंजुरीपत्र हवं आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पोहोचायला हवी, असं त्यात लिहिलं गेलं. अशा यंत्रांसाठी देशातली जी शहरं यादीत आली, त्यांत महाराष्ट्राची सर्वाधिक, १९. आपलं शहर त्यांत आहे, शेजारचं जालनाही आहे.

वेळापत्रक छापणाराही आरोपी

आता माझं सगळ्यात आवडतं कलम. तेही १८३ मध्येच, चौथ्या पोटकलमात. एखाद्या मालकाने असं वेळापत्रक काढलं किंवा असा हुकूम दिला की, वेगमर्यादा मोडल्याशिवाय त्या वेळेत पोहोचणं शक्यच नाही, तर ते वेळापत्रकच मालकाविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा ठरतं! नोकराला जोरात चालवायला लावणाऱ्या मालकालाही दंड आहे, नुसत्या चालकाला नाही.

वाळूज आणि शेंद्र्याच्या शिफ्टच्या बसेस, रात्री निघून सकाळी पुण्यात टेकणाऱ्या ट्रॅव्हल्स, भाजीचे टेम्पो, पाठीवर पिशवी अडकवून पळणारी डिलिव्हरीची पोरं, या सगळ्यांच्या बाजूने हे कलम उभं आहे. ट्रॅव्हल्सचा चालक प्रवाशांच्या ‘अहो, किती वेळ?’ला उत्तर देतो, मालकाच्या फोनला उत्तर देतो आणि चलान आलं की पगारातून तेही भरतो. हा अन्याय आहे. तपास करताना पोलिसांनी चालकाच्या लायसन्ससोबत कंपनीचं वेळापत्रकही मागावं, एवढी एक गोष्ट झाली तरी चालकांच्या खांद्यावरचा निम्मा भार उतरेल.

पहिला दंड, पहिला कॅमेरा

वेगाचा पहिला गाजलेला दंड २८ जानेवारी १८९६ रोजी, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात. वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थांनी ताशी दोन मैलांच्या हद्दीत आठ मैलांनी गाडी हाकली. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून पकडलं! दंड एक शिलिंग. आठ मैल म्हणजे १३ किलोमीटर. ऐन संध्याकाळी क्रांती चौकात तेवढा वेग मिळाला तर आपण खूश होतो.

वेग मोजणारा कॅमेरा रस्तोरस्ती पोहोचवणारा माणूस वाहतूक पोलीस नव्हता, चक्क शर्यतवीर होता. नेदरलँड्सचे मॉरिस गॅट्सोनिडीस, १९५३ च्या माँटे कार्लो रॅलीचे विजेते. वळणावर आपण किती वेगात असतो, हे कळून अजून जोरात जाता यावं म्हणून त्यांनी यंत्र बनवलं. पुढे जगभरच्या चालकांना चलानं पाठवण्याचं काम त्याच यंत्राच्या वंशजांनी केलं.

फिनलंडमध्ये मोठ्या अतिवेगाचा दंड कमाईवर ठरतो. २०२३ मध्ये एका कोट्यधीशाला ५०च्या हद्दीत ८२ने गेल्याबद्दल १,२१,००० युरो भरावे लागले. आपल्या शहरात ऑक्टोबर २०१० मध्ये उद्योजकांनी मिळून एकाच दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, ६५ कोटींच्या. तशा गाडीतल्या माणसाला आणि दुधाच्या कॅनच्या पिकअपवाल्याला अतिवेगाची रक्कम सारखीच बोचते का? नाही. कमाईनुसार दंड हा विचार आपल्याकडेही व्हायला हवा.

स्टॉकहोममध्ये २०१० साली उलटा प्रयोग झाला. मर्यादेत चालवणाऱ्यांची नावं लॉटरीत, बक्षीस वेग मोडणाऱ्यांच्या दंडातून. सरासरी वेग ३२वरून २५ किलोमीटरवर आला.

आणि कॅमेरा नसतानाही वेग रोखणारी वास्तू बघायची असेल तर वेरूळच्या रस्त्यावर दौलताबादला जा. किल्ल्याच्या तटातला जुना दिल्ली दरवाजा आजही एकावेळी एकच मोठं वाहन जाऊ देतो.

समृद्धीवरचा वर्ग

२०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर एक वेगळी गोष्ट करून पाहिली. गाडी आत आली ती वेळ आणि बाहेर पडली ती वेळ ताडून पाहायची. हिशेबापेक्षा लवकर पोहोचली म्हणजे मधे कुठेतरी वेग मोडला. अशा चालकांना बाहेर पडताना थांबवून समुपदेशन. गुळगुळीत झालेल्या टायरच्या गाड्यांना प्रवेशावरच अडवणंही त्याच उन्हाळ्यात सुरू झालं, कारण तापलेल्या काँक्रीटवर झिजलेला टायर फुटतो. वेळ ताडून पाहण्यातली हुशारी अशी की, कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे गेलं की ॲक्सिलेटर, ही युक्ती इथे चालत नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांना विचारा, ‘स्पीड अवेअरनेस कोर्स’ त्यांच्या ओळखीचा निघेल. तीसच्या हद्दीत ३५ ते ४२ मैलांच्या दरम्यान सापडलेल्याला बहुतेकदा पर्याय मिळतो : १०० पौंड दंड आणि लायसन्सवर तीन गुण, किंवा स्वतःच्या खर्चाने काही तासांचा वर्ग. तीन वर्षांत ही सवलत एकदाच. वर्गात बसलेल्या अनेकांना तिथेच पहिल्यांदा कळतं की इंग्लंडात रस्त्यावर दिव्यांचे खांब ओळीने असतील आणि वेगळी पाटी नसेल तर मर्यादा तीस मैलांची असते. तिथल्या सरकारसाठी झालेल्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं की, कोर्स केलेले लोक सहा महिन्यांत पुन्हा वेगात सापडण्याची शक्यता दंड भरणाऱ्यांपेक्षा कमी असते.

आपल्याकडे हे नाही असं समजू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ मध्ये ‘ड्रायव्हर रिफ्रेशर ट्रेनिंग कोर्स’ आला. लायसन्स निलंबित झालेल्या चालकाने तो करायचा, पूर्ण केला तरच लायसन्स परत. कायदा तयार आहे. हवे आहेत ते वर्ग, नियमित आणि मराठीत, रेल्वे स्टेशनजवळच्या आरटीओत आणि समृद्धीच्या प्रत्येक इंटरचेंजवर. दंड भरून माणूस वैतागतो आणि पुढच्या लोकअदालतीची वाट बघतो. वर्गात बसलेला माणूस निदान १३० मीटरचा हिशेब ऐकून उठतो.

तोवर तुम्ही दोन कामं करा. आपल्या गाडीच्या नोंदणीवर चालू मोबाइल नंबर आहे का ते तपासा, आणि घरातल्या पोराने गाडी मागितली की किल्लीबरोबर वेगमर्यादाही सांगा.