पात्याचा सांधा आणि कामगाराचे हात

सातारा जिल्ह्यातले वनकुसवड्याचे पठार किंवा धुळे जिल्ह्यातले ब्राह्मणवेल येथील पवनचक्क्या लांबून पाहिल्या तर त्यांची पाती एकाच साच्यातून निघाल्यासारखी एकसंध वाटतात. प्रत्यक्षात बहुतेक पाती दोन अर्ध्या कवचांची असतात आणि ती गोंदाने जोडलेली असतात.

काचतंतूंचे कापड साच्यात थरावर थर अंथरून त्यात रेझिन मुरवतात. अशी दोन कवचे तयार झाली की त्यांच्यामध्ये आधाराच्या उभ्या पट्ट्या बसवतात, कडांना गोंद लावतात आणि शिंपला मिटावा तसे दोन्ही साचे मिटतात. इथे स्क्रू-बोल्ट वापरत नाहीत, कारण भोक पाडले की भार पेलणारे तंतूच तुटतात. गोंदामुळे भार संपूर्ण लांबीवर वाटला जातो.

हा भार थोडाथोडका नाही. मिनिटाला 12 फेरे धरले तर वर्षाला सुमारे 63 लाख फेरे होतात. पाते आडवे आले की स्वतःच्या वजनाने वाकते आणि अर्ध्या फेऱ्यानंतर उलट बाजूने वाकते. 20 वर्षांच्या आयुष्यात ही ओढाताण काही कोटी वेळा होते. सांधा एका झटक्यात क्वचितच तुटतो. बारीक चीर पडते आणि ती हळूहळू वाढत जाते.

गोंदाची ताकद आणि कमजोरी समजायला जखमेवरची चिकटपट्टी आठवावी. ती कातडीला समांतर ओढली तर सहजी निघत नाही, पण एक कोपरा उचलला की भराभर सुटत येते. पात्याच्या सांध्याचेही तसेच आहे. वाऱ्याच्या जोराने कवच फुगले-दबले की मागच्या पातळ कडेवर गोंद उचकटला जातो आणि चीर बहुधा अशा ठिकाणी सुरू होते. विमानाच्या सांध्यात गोंदाचा थर मिलिमीटरच्या अंशाएवढा असतो. पात्यात तो कित्येक मिलिमीटर जाड असू शकतो. थर जाड असला की हवेचे बुडबुडे अडकण्याची शक्यता वाढते. पृष्ठभागावर धूळ किंवा हाताचा तेलकटपणा राहिला, रेझिन व हार्डनरचे प्रमाण चुकले किंवा उष्णता कमी पडली, तरी सांधा कच्चा राहतो. असे दोष बाहेरून दिसत नाहीत. म्हणून पोटाची सोनोग्राफी करतात तशी पात्याचीही ध्वनिलहरींनी तपासणी करतात.

हा गोंद बहुधा इपॉक्सी असतो. हार्डनर मिसळला की त्याचे छोटे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि टणक जाळे तयार होते. पूर्ण घट्ट झालेले इपॉक्सी माणसाला जवळजवळ निरुपद्रवी असते. धोका असतो तो घट्ट होण्याआधी. इपॉक्सीतील मुख्य रेणूचे वजन सुमारे 340 असते आणि एवढा लहान रेणू कातडीतून सहज आत शिरतो. तिथे तो शरीरातील प्रथिनांना चिकटतो, प्रतिकारशक्ती त्याला शत्रू समजते आणि ही ओळख पेशी सहसा आयुष्यभर विसरत नाहीत.

पहिल्या काही दिवसांत किंवा महिन्यांत काहीच त्रास होत नाही. मग एके दिवशी बोटांना, मनगटाला खाज सुटते, लाली येते, पाणी भरलेले फोड उठतात. वाफ आणि धुळीमुळे पापण्या सुजतात. त्रास संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी होतो, त्यामुळे त्याचा कामाशी संबंध लागत नाही आणि ‘उष्णता झाली’ म्हणून मलम लावले जाते. सुट्टीत बरे वाटते, कामावर गेले की पुन्हा तेच. पाठीवर ४८ तास पट्ट्या लावून केलेल्या पॅच टेस्टमध्ये निदान होते. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की अगदी थोडा संपर्कही पुरतो आणि अनेकांना काम बदलावे लागते.

प्रतिबंध मात्र शक्य आहे. साधे रबरी हातमोजे इपॉक्सी अडवत नाहीत. नायट्राइलचे मोजे काही वेळच टिकतात, म्हणून ते वरचेवर बदलावे लागतात. अनेक थरांच्या प्लॅस्टिकचे मोजे अधिक भरवशाचे. हाताला लागलेला गोंद थिनरने पुसू नये, कारण त्याने कातडीचे संरक्षक तेल निघून जाते; साबण-पाण्याने धुवावा. अर्धवट घट्ट झालेला भाग घासताना उडणारी धूळही अ‍ॅलर्जी करते. पवनऊर्जेत आघाडीवर असलेल्या डेन्मार्कमध्ये इपॉक्सीचे काम करण्याआधी प्रशिक्षण घेणे कायद्याने बंधनकारक आहे.

पाती बनवणारे, दोराला लटकून त्यांची दुरुस्ती करणारे, कारखान्यांत इपॉक्सीची फरशी ओतणारे आणि फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे, या सर्वांना हा धोका सारखाच आहे. हाताची खाज दोन आठवड्यांत गेली नाही, किंवा सुट्टीत कमी आणि कामावर जास्त होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे आणि आपण कशावर काम करतो, हे न विचारताच सांगावे. शक्य असल्यास डब्यावरच्या लेबलचा फोटोही सोबत न्यावा.