घाटघर-साम्रद : अभयारण्याच्या आतलं एक वर्ष

लेखमाला : रानातली गावं – भाग पाचवा

नाशिकहून घोटीमार्गे भंडारदऱ्याकडे निघालं की सत्तरेक किलोमीटरवर शेंडी येतं. बहुतेक सहलींच्या गाड्या इथेच थांबतात. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मात्र पुढे जातो आणि मुरशेत, पांजरे, उडदावणे अशी गावं मागे टाकत घाटघरला पोहोचतो. तिथे सह्याद्रीची धार तुटते आणि खाली थेट कोकण दिसतं. आणखी थोडं पुढे रतनगडाच्या कुशीत साम्रद आहे. सांधण दरीमुळे हे नाव आता शहरी भटक्यांच्या ओठांवर असतं.

हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात येतो. ते १९८६ साली जाहीर झालं. क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. कारभार मात्र नाशिकच्या वन्यजीव विभागाचा. म्हणजे साम्रदच्या शेतकऱ्याचं तहसील कार्यालय अकोल्याला, आदिवासी प्रकल्प कार्यालय राजूरला आणि रानाचे वरिष्ठ साहेब नाशिकला.

अभयारण्य जाहीर होताना कागदावर काय घडतं, ते मागच्या भागात पाहिलं. त्या कागदाच्या आत राहणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांचं वर्ष कसं जातं, ते या भागात पाहू.

पाऊस इथला, पाणी खालचं

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटघर-रतनवाडी पट्ट्यात चांगल्या वर्षी तो ५,००० मिलिमीटरच्या वर जातो. जुलैमध्ये आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. कुडाच्या भिंतींना ओल चढते, सरपण माळ्यावर ठेवावं लागतं, गुरं गोठ्यातच बांधलेली राहतात. दरड कोसळली किंवा ओढा फुगला की शेंडीची वाट अडते. घरात बाळंतपण जवळ आलेलं असेल तर माणसं आभाळाकडे बघत दिवस काढतात.

याच पावसावर भंडारदऱ्याचं धरण भरतं. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा अडवून बांधलेलं हे विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्याची साठवण सुमारे ११ टीएमसी. या पाण्याने संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडची शेती ओलिताखाली आली, ऊस उभा राहिला आणि त्याच प्रवरेच्या काठावर, लोणीला, १९५० साली सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. महाराष्ट्राच्या सहकाराच्या इतिहासातलं हे मोठं पान या डोंगरावरच्या पावसाने लिहिलेलं आहे.

वीजही इथली. घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ साली सुरू झाला. वरचा बांध घाटघरला, खालचा शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला, आणि मधली उंची सुमारे चारशे मीटर. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं. मागणी वाढली की तेच पाणी बोगद्यातून खाली सोडून वीज करायची. १२५ मेगावॉटचे दोन संच, एकूण क्षमता २५० मेगावॉट.

आणि तरीही मार्च सरला की या गावांतल्या बाया हंडे घेऊन झऱ्याच्या वाटेला लागतात. कारण भूगर्भात आहे. हा बेसाल्टचा कातळ; त्यावर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. पाणी मुरायच्या आत वाहून जातं. जलाशय डोळ्यांसमोर असतो, पण तो वाडीच्या खाली. तिथलं पाणी वाडीपर्यंत चढवायला पाइप, पंप, वीज आणि देखभाल लागते. खालचं पाणी चारशे मीटर वर चढवण्याचं तंत्र ज्या गावात उभं आहे, त्याच गावाच्या परिसरात बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरलेला नाही. अभियांत्रिकी आपल्याकडे होतीच. यादीत या वाड्यांचा नंबर खाली लागला.

राब, आवणी आणि परागंदा हिवाळा

भात हे इथलं मुख्य पीक. उतारावर नागली, वरई, खुरासणी. भाताची तयारी मात्र उन्हाळ्यातच, राब भाजण्यापासून सुरू होते. रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर आधी सुकं शेण पसरतात. त्यावर ऐनाच्या डहाळ्या, मग पालापाचोळा, मग गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवलं की आग धडाडून न उठता सावकाश सरकते. तणाचं बी जळतं, राख मातीत मिसळते आणि पहिल्या पावसात पेरलेलं भात जोमाने उगवतं. रोप वीतभर वाढलं की चिखलणी करून आवणी. त्या दिवसांत घरात म्हातारं माणूस आणि तान्हं मूल सोडलं तर कुणी सापडत नाही.

या राबाला लागणाऱ्या डहाळ्यांवरून सरकारशी चाललेला वाद अभयारण्यापेक्षा कितीतरी जुना आहे. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे-कुलाब्याकडच्या शेतकऱ्यांनी राबासाठी झाडं छाटण्याच्या हक्काची तक्रार लावून धरली, आणि १८८७ साली अहवाल देणाऱ्या मुंबई वन आयोगाला तिची दखल घ्यावी लागली. सव्वाशे वर्षांनंतरही खांद्यावर डहाळ्यांचा भारा घेतलेला माणूस वनरक्षक दिसला की वाट बदलतो.

भाताची कापणी दिवाळीच्या आगेमागे उरकते. एका पिकावर वर्ष निघत नाही. मग घराला कडी लावून कुटुंबं उतरतात : कुणी नारायणगावच्या टोमॅटोच्या मळ्यात, कुणी नाशिकच्या द्राक्षबागांत. पोरं आश्रमशाळेत किंवा आजीकडे. नाशिकच्या बाजारात जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या द्राक्षांमागे अशा कितीतरी डोंगरी गावांचा रिकामा हिवाळा असतो.

हिरडा आणि काजवा

उन्हाळ्यात हाताशी रोख पैसा येतो तो बाळहिरड्याचा. कोवळी फळं गोळा करायची, अंगणात वाळत घालायची, काळी-कुळकुळीत झाली की पोत्यात भरायची. आयुर्वेदिक औषधांत, कातडी कमावण्यात आणि रंगांत हिरड्याला मागणी आहे. गौण वनोपजाच्या खरेदीसाठी १९७२ साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाचं मुख्यालय नाशिकलाच आहे. महामंडळाचं केंद्र वेळेत उघडलं तर बरा भाव हाती लागतो. नाहीतर दारात उभा असलेला व्यापारी म्हणेल तो भाव.

मेअखेर आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात चित्र पालटतं. काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं एका लयीत लुकलुकतात. नर मादीला साद घालत असतो. पाऊस जोरावर आला की खेळ संपतो. या दोन-तीन आठवड्यांत शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. तरुण पोरं वाट दाखवतात, अंगणात तंबू लागतात, बायका चुलीवर तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा करतात. घरात येणारा हा पैसा खरा आहे आणि तो त्यांच्या कष्टाचा आहे.

पण त्याच रांगेतल्या गाडीचा दिवा झाडावर पडला की काजव्याची साद विझते. त्याची अळी कित्येक महिने ओल्या मातीत गोगलगायींवर जगते. झाडाखालची तीच माती पायांनी आणि चाकांनी तुडवली जाते. वनखात्याने गावांतल्या परिस्थितिकी विकास समित्यांमार्फत प्रवेशशुल्क आणि शिस्तीची व्यवस्था बसवली आहे. ती टिकवायची तर हंगामाच्या आधी ग्रामसभेत बसून किती गाड्या सोडायच्या, किती वाजता रस्ता बंद करायचा, हे ठरायला हवं. शुल्काचा हिशेब फळ्यावर लिहिला जायला हवा. तंबूचा धंदा बाहेरच्या आयोजकाच्या हाती गेला तर गावाच्या वाट्याला कचरा तेवढा उरेल.

कायद्याचे दोन हात

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत महत्त्वाचा फरक आहे. राष्ट्रीय उद्यानात स्थानिकांचे हक्क संपवले जातात. अभयारण्यात मात्र चौकशीअंती ते चालू ठेवता येतात. गाव जागेवर राहतं ते यामुळे. पण १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून वठलेली, वाऱ्याने पडलेली झाडं आणि गवत नेण्याला मनाई केली. लाकूडतोड थांबवण्याच्या हेतूने आलेल्या त्या आदेशाने सरपणाची मोळीही संशयात सापडली.

दुसरा हात २००६ च्या वनहक्क कायद्याचा. त्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं स्पष्टपणे नमूद आहेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या जमिनीवर आदिवासी कुटुंबाला दावा करता येतो. त्याहून मोलाचा आहे सामूहिक हक्क : गौण वनोपज गोळा करण्याचा, विकण्याचा, आणि रान राखण्याचाही. कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव आणि जंगल राखण्याचे अधिकार देतं.

या कलमाची या डोंगराला नितांत गरज आहे. शेकरूचं घरटं कुठल्या झाडावर आहे, वणवा आधी कुठल्या खिंडीतून येतो, बिबट्या कोणत्या ओढ्याने उतरतो, हे वाडीतल्या गुराख्याला ठाऊक असतं. कर्मचारी बदलून जातात, तो मात्र तिथेच राहतो. त्याच्या हाती सामूहिक हक्काचा दाखला आणि रान राखण्याच्या कामाची मजुरी आली, तर हिवाळ्यात द्राक्षबागेला निघालेल्या काही कुटुंबांना तरी घरी थांबता येईल. जाळरेषा काढणं, झऱ्यांची डागडुजी, वाटांची निगा, रोपवाटिका ही कामं नेमकी कोरड्या महिन्यांतलीच आहेत. ग्रामसभेच्या आराखड्यात ती आली पाहिजेत आणि त्यांना वनखात्याचा व आदिवासी विभागाचा निधी जोडला गेला पाहिजे. सर्वांत आधी मात्र वाड्यांना बारमाही पाणी मिळालं पाहिजे. ज्या डोंगराने शंभर वर्षं खालची शेती भिजवली, त्याच्या माथ्यावरच्या माणसांचं ते देणं आहे.

पुढच्या आठवड्यात : हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई. गडावरची गर्दी, गावातली खानावळ आणि सामूहिक वनहक्काचा दावा भरताना लागणारे नकाशे व पुरावे.