चाल ठरवावी मागच्याने

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना लोणारला येते आणि तिथून मेहकरची वाट धरते. सुमारे 700 वारकरी ओळ न मोडता शेकडो किलोमीटर चालतात. मदतनिधीसाठी लांबची पदयात्रा काढणाऱ्या गटांनीही सराव एकेकट्याच्या वेगाचा नव्हे, एकत्र चालीचा करावा, आणि ती चाल सर्वांत मागच्याची असावी. याने दमदार मंडळींचा सराव कमी पडतो, हा आक्षेप खरा आहे. पण त्यांना जादा अंतर वेगळे चालता येते, मागे पडणाऱ्याला तशी सोय नसते. पुढच्यांना गाठायच्या घाईत तो पाणी टाळतो, पायाचा फोड लपवतो. पुढचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोचताच निघतात. म्हणजे ज्याला विसावा हवा, त्यालाच तो मिळत नाही. वारकरी कुठे सराव करतात, असेही विचारले जाते. त्यांतल्या कितीतरी जणांचे पाय शेतात वर्षभर राबत असतात. बैठे काम करणाऱ्यांना मात्र काही महिने दर आठवड्याला थोडे थोडे अंतर वाढवावे लागते, तेही यात्रेत घालायच्या बुटांतच.