आश्रमशाळेतलं मूल आणि कायदा

डहाणू-तलासरीत आश्रमशाळा हीच अनेक मुलांची शाळा आणि तेच घर. म्हणून हे ठाऊक हवं :

● पॉक्सो कायदा, २०१२ : १८ वर्षांखालील मुलगा-मुलगी, दोघांनाही लैंगिक अत्याचारापासून संरक्षण. अत्याचार करणारा शाळेचाच कर्मचारी असेल, तर गुन्हा अधिक गंभीर आणि शिक्षाही जास्त.

● झाकपाक : माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा. कर्मचाऱ्याचं कृत्य दडवलं, तर संस्थाप्रमुखाला १ वर्षापर्यंत कैद.

● जबाब : मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, पोलीस साध्या वेशात. वारली बोलणाऱ्या मुलीला मराठी जड गेली, तर दुभाषा द्यावा लागतो.

● छडी : शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७ : मारहाण आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी.

● मदत : मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, चोवीस तास, मोफत.